चौथा रकाना

“मिस डोरीन, ह्याची पंधरा मिनिटं कधीच संपली. घड्याळ बघा ना!”

“बघतेय. अजून दोन आहेत.”

“दोन मिनिटांत हा काय बोलणार आहे? गेली तेरा मिनिटं नुसतं ‘आधी तू ठेव, आधी तू ठेव’ चाललंय.”

रांगेत हसू पसरलं. तीन नंबरच्या फोनवर बसलेल्या ओगल्स्बीचे कान लाल झाले. त्याने मागे न बघता मूठ दाखवली आणि रिसीव्हर तोंडाशी आणखी घट्ट धरला.

नाताळच्या सकाळचे दहा वाजून गेले होते. रांग प्लास्टिकच्या ख्रिसमस ट्रीला वळसा घालून दाराबाहेर, वाळूच्या पोत्यांपर्यंत गेली होती. अफगाणिस्तानात सकाळ म्हणजे घरी आदली रात्र. मुलांना आज मुद्दाम जागं ठेवलेलं होतं. फोनच्या खोलीच्या भिंतीवर डोरीनने स्वतः आखलेला तक्ता होता: तळावर किती वाजले की अमेरिकेच्या कुठल्या भागात किती वाजलेले असतात. अर्धा तास इकडचा तिकडे होऊ नये म्हणून तिने तो तीनदा तपासला होता.

दहा वाजून बारा मिनिटांनी आठही फोन एकदम बंद पडले.

कुणी शिवी दिली नाही. कुणी रिसीव्हर आपटला नाही. आठ जणांनी आठ रिसीव्हर हळूच जागेवर ठेवले. रांगेतले काही जण मान खाली घालून बोटं मोजत होते. आपल्या खोलीतले किती, आज ताफ्याबरोबर गेलेले किती. मग रांग आपोआप विरघळली.

तळावर याला ‘कुलूप लागलं’ म्हणत. कुणीतरी मेलं की त्याच्या घरच्यांना कळेपर्यंत सगळ्या तळाचे फोन बंद राहायचे, म्हणजे बातमी भलत्याच तोंडून त्यांच्या कानी जायला नको. त्यामुळे इथल्यांना एवढंच कळायचं की कुणीतरी गेलं.

“माझी दोन मिनिटं राहिली,” ओगल्स्बी उठताना म्हणाला. तक्रार नव्हती ती.

“लिहून ठेवलीत,” डोरीन म्हणाली. तिने खरोखरच यादीत लिहिली होती.

आतल्या खोलीतून ट्रिश बाहेर आली. सैनिकांच्या विरंगुळ्यासाठी चालवलेल्या या केंद्राची ती पगारी प्रमुख. डोक्यावर लाल टोपी, टोपीच्या टोकाला घंटी. “गाणी चालूच ठेवू या,” ती हळू आवाजात म्हणाली. “वातावरण पडायला नको.”

“वातावरण पडलंय, ट्रिश.”

“म्हणून तर! आणि तू बाराच्या आधी जेवणघरात ये. लाल स्वेटर घालून. जनरल स्वतः देणार आहेत तुला प्रशस्तिपत्र. चारशे बारा पाकिटं आणि एकही परत आलेलं नाही! मी चौकटीत बसवून घेतलंय.”

आकडा बरोबर होता. चारशे बारा गेली होती. चारशे तेरावं तिच्या कपाटातल्या खालच्या फळीवर होतं.

डोरीन हॅस्केल अठ्ठावन्न वर्षांची होती. सकाळी पाच ते नऊ ती तळावरच्या चौदा नळांचं पाणी बाटल्यांत भरून तपासायची. ती तिची ठेक्यावरची पगारी नोकरी. उरलेल्या वेळात केंद्रात बिनपगारी काम. त्याआधी एकोणतीस वर्षं ती अमेरिकेत, डुलूथच्या एका इस्पितळात रक्त तपासत होती आणि अकरा वर्षं आईचं करत होती. आई गेल्यावर पहिल्या नाताळला तिने एकटीसाठी कोंबडी भाजली, तीन दिवस तीच खाल्ली, आणि जानेवारीत ठेक्याच्या कागदावर सही केली. फोनच्या यादीत तिने स्वतःचं नाव कधी लिहिलं नव्हतं. लावायचा कुणाला, हा प्रश्न होता.

केंद्रात तिच्याकडे फोनखेरीज आणखी दोन कामं होती. एक म्हणजे शाळांमधून पेटारेच्या पेटारे भरून येणारी मुलांची पत्रं चाळणं. “तू अजून जिवंत असशील तर हे चॉकलेट खा,” असली पत्रं वेगळी काढायची, असा ट्रिशचा नियम होता. दुसरं काम गोष्टींचं. सैनिकाने खुर्चीत बसायचं, कॅमेऱ्यासमोर आपल्या मुलासाठी गोष्टीचं पुस्तक वाचायचं. मग त्या चित्रणाची चकती आणि ते पुस्तक एका पिवळ्या पाकिटात घालून घरी पाठवायचं. पाकिटावर जकातीचा फॉर्म. पहिल्या रकान्यात पाठवणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात घेणाऱ्याचं, तिसऱ्यात गाव आणि रस्ता, चौथ्यात घराचा नंबर.

सार्जंट वेंडेल ट्रेहान डिसेंबरच्या सहा तारखेला आला होता. बंद पडलेले ट्रक रस्त्यावरून ओढून आणणाऱ्या तुकडीतला. चौतीस वर्षांचा, लुइझियानाच्या पाणथळीतला, हातांच्या रेषांत कायमचं तेल बसलेला.

“वाचता येतं मला, मॅम. सांगून ठेवतो. हात बघून लोकांना शंका येते.”

“हात पुसून पुस्तक धर म्हणजे झालं.”

पुस्तक मगरीचं होतं. मगर गावातल्या दुकानात टोपी घ्यायला जाते आणि कुठलीच टोपी तिला बसत नाही. ट्रेहानने मगरीला असा काही चिरका, नाकातला आवाज दिला की कॅमेऱ्यामागे डोरीनला ओठ दाबून धरावे लागले.

“हा आवाज कुणाचा माहितेय?” वाचून झाल्यावर तो म्हणाला. “सासूबाईंचा. ओडेट लगेच ओळखेल. पाच वर्षांची आहे, पण आजीची नक्कल माझ्यापेक्षा भारी करते.”

“आणि सासूबाईंनी ऐकलं तर?”

“म्हणून तर मी इथे राहतो, मॅम. सात हजार मैलांवर.”

जाताना त्याला टेबलावरचा वेगळ्या काढलेल्या पत्रांचा गठ्ठा दिसला. त्याने चॉकलेटवालं पत्र वाचलं आणि मोठ्याने हसला. “हे द्या मला. बाकी सगळी खोटी आहेत, हेच एक खरं आहे.” डोरीनने दिलं. नियम मोडून तिने त्याला दिलेली तेवढीच एक गोष्ट.

फॉर्मचा चौथा रकाना त्याने कोरा सोडला होता.

“घराचा नंबर?”

“बायको आता तिच्या बहिणीकडे राहायला गेलीय. ट्रेलर-घरांच्या वस्तीत. तिथे जागांना नंबर असतात. मला माहीत नाही.”

“विचारून ये.”

“मॅम, एवढंसं गाव आहे. कोण कुठे झोपतं हेसुद्धा माहीत असतं पोस्टमनला.”

“विचारून ये,” डोरीन पुन्हा म्हणाली. “दहा तारखेचं टपाल नाताळपर्यंत पोहोचतं. चार दिवस आहेत.”

नऊ तारखेला संध्याकाळी तो पुन्हा आला. नंबर मिळाला नव्हता.

“लाइन लागत नाही,” त्याने सांगितलं. डोरीन फोनची यादी ठेवायची. तिला माहीत होतं की लाइन लागत होती. तीन दिवसांत तो सहा वेळा फोनवर बसला होता आणि दर वेळी मिनिटभरात उठला होता. पलीकडून कुणी उचलत नव्हतं. पण तो लाइन म्हणाला, आणि तिनेही लाइनच धरली.

“तुम्हीच टाका ना काहीतरी. सतरा टाका. सतरा चांगला आकडा आहे.”

“चुकीचा आकडा कोऱ्या जागेपेक्षा वाईट.”

“मग कोरं जाऊ दे.”

“कोरं मी घेत नाही, सार्जंट.”

तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. रागावला नव्हता. गंजलेला नट कुठल्या बाजूने फिरेल हे बघावं तसं बघत होता. मग म्हणाला, “बरं. तुमच्याकडे राहू दे. मी नंबर घेऊन येतो.”

डोरीनला त्याला सांगावंसं वाटलं होतं, पण तिने सांगितलं नाही. इस्पितळातल्या दुसऱ्याच वर्षी एका नर्सने तिच्या हातात रक्ताची नळी दिली होती. चिठ्ठी नव्हती. “पाच नंबरच्या खाटेचं गं,” नर्स म्हणाली. ओळखीची होती, घाईत होती. डोरीनने घेतलं. ते पाच नंबरचं नव्हतं. पाच नंबरच्या म्हाताऱ्याला भलतं रक्त चढलं आणि चौथ्या दिवशी तो गेला. तिच्यावर ठपका आला नाही. त्याचं वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. त्यानंतर तिने अपुरी चिठ्ठी कधीच घेतली नाही, पुढच्या सत्तावीस वर्षांत एकदाही नाही, आणि इथेही नाही.

जेवणघरात नाताळच्या दिवशी अधिकारी वाढतात आणि साधे सैनिक ताटं घेऊन रांगेत उभे राहतात. वर्षातून एकदाच. लाल टोप्या घातलेले कर्नल टर्की कापत होते आणि रांगेतले पोरगेले शिपाई, “सर, पायाचा तुकडा द्या, हा काय देता?” असं बिनधास्त म्हणून घेत होते. रताळ्यांवर वितळलेली साखर होती. कोपऱ्यात बर्फाची कोरलेली मूर्ती पाण्याच्या परातीत ठिबकत होती. सगळं दर वर्षीसारखं होतं. फक्त आवाज कमी होता.

ट्रिशने माइक हातात घेतला. डोरीनला पुढे बोलावलं. जनरल उंच होते, त्यांना वाकावं लागलं.

“चारशे बारा पाकिटं!” ट्रिश म्हणाली. “चारशे बारा घरांमध्ये आज सकाळी आईचा नाहीतर बाबांचा आवाज पोहोचणार आहे. आणि त्यातलं एकही, एकही पाकीट परत आलेलं नाही!”

“रहस्य काय तुमचं, मॅम?” जनरलनी माइक तिच्यापुढे धरला.

डोरीनला भाषण येत नव्हतं. जे खरं होतं ते ती म्हणाली. “अपुरा पत्ता मी घेत नाही, सर.”

हशा झाला. टाळ्या पडल्या. जनरल म्हणाले, “हिला रसदखात्यात घ्या रे कुणीतरी,” आणि पुन्हा हशा झाला.

दाराजवळच्या टेबलावर पाच जण बसले होते. ताटं भरलेली होती आणि कुणी जेवत नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ट्रक ओढणाऱ्यांची तुकडी. टेबल सहा जणांचं होतं.

प्रशस्तिपत्राची चौकट हातात घेऊन डोरीन परत निघाली तेव्हा त्यांच्यातली एक उठून तिच्याकडे आली. कॉर्पोरल नोएमी व्हॅरेला. ट्रेहानच्या ट्रकची ड्रायव्हर. तिच्या बाहीवर धूळ होती आणि धुळीवर काहीतरी वाळलेलं होतं.

“मिस डोरीन.” ती आजूबाजूला बघून थांबली. “मला काही बोलता येणार नाही. आम्हाला सांगितलंय, काही बोलायचं नाही.”

“नको बोलूस.”

“फक्त एक विचारायचंय. सार्जंटचं ते पाकीट. मगरीचं. ते गेलं ना?”

डोरीनने चौकट दुसऱ्या हातात घेतली. हो म्हणता आलं असतं. समोरच्या बाईला तेवढंच ऐकायचं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडेच आहे.”

“तुमच्याकडे?”

“नंबर नव्हता घराचा.”

नोएमीने एकदा चौकटीकडे बघितलं, मग तिच्याकडे. “एक्केचाळीस,” ती म्हणाली. “परवा बायकोने उचलला फोन. पहिल्यांदाच. ट्रकमध्ये बसल्यापासून एकच चाललं होतं त्याचं. एक्केचाळीस, एक्केचाळीस, नोएमी, मी विसरलो तर तू लक्षात ठेव. आज काम संपवून तुमच्याकडे येणार होता. म्हणाला, नाताळपर्यंत नाही तर नाही, नव्या वर्षाला तरी जाईल. त्या म्हातारीचा रकाना एकदाचा भरून टाकतो.” ती थांबली. “माफ करा. तो म्हणाला तसं सांगितलं.”

“बरोबरच म्हणाला.”

“आम्हाला त्याची खोली आवरायला बसवलंय. चारच्या पुढे मी येते.”

डोरीन केंद्रात परतली. खालच्या फळीवरून पाकीट काढलं. निळं पेन घेतलं, नंतर ते ठेवून काळं घेतलं, कारण फॉर्मवर काळी शाई लागते. चौथ्या रकान्यात तिने ४१ लिहिलं. रकान्याच्या मधोमध, दोन्ही आकडे सारख्या उंचीचे. मग पाकीट घेऊन ती टपालघरात गेली.

खिडकीवर रूबेन होता. तिची चारशे बारा पाकिटं याच माणसाने वजन करून शिक्का मारून पाठवली होती. तिला बघून तो उठला. “काय मग, बक्षीस मिळालेल्या बाई! आज सुट्टीच्या दिवशीपण काम?”

“हे घेशील?”

त्याने पाकीट फिरवलं. नाव वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरून हसू गेलं आणि त्याने पाकीट तराजूवर न ठेवता पुन्हा खिडकीच्या फळीवर ठेवलं.

“नाही घेता येत, मिस डोरीन. या नावाचं सगळं टपाल बाजूला ठेवा, म्हणून मघाशी निरोप आलाय. येणारं आणि जाणारं.” तो तिच्याकडे न बघता बोलत होता. “मी तुम्हाला हे सांगितलेलं नाही.”

“नाही सांगितलंस.”

“सामानाबरोबर जाईल. आधी तपासणी, मग यादी, मग सह्या. दोन महिने, कधी तीन.” त्याने फॉर्मवर बोट ठेवलं. “पण यावर सहा तारीख आहे. हे अजून इथे कसं?”

“चौथा रकाना कोरा होता.”

“जागेचा नंबर?” रूबेनने मान वर केली. “नुसता जागेचा नंबर? अहो, असल्या गावात नंबर कोण बघतंय! माझा मामा असल्याच वस्तीत टपाल टाकतो. नाव वाचतो आणि थेट दारात नेऊन...” तो मध्येच थांबला. पाकीट त्याने सरळ केलं, कडा फळीच्या कडेला लावली. “म्हणजे, तसं काही सांगता येत नाही. कधी हरवतातही.”

“किती हरवतात?”

“मॅम?”

“शंभरात किती?”

“एखादं,” तो म्हणाला. “एखादं दुसरं.”

डोरीनने मान हलवली. पाकीट काखेत घेतलं. बाहेर ऊन उतरत होतं आणि धावपट्टीच्या बाजूने विमानाच्या इंजिनाचा आवाज येत होता. रस्त्यावर दोघे जण लाल टोप्या घालून क्रिकेटच्या चेंडूएवढा बर्फाचा गोळा एकमेकांना मारत होते. जेवणघरातल्या मूर्तीचं डोकं होतं ते.

साडेचार वाजता नोएमी आली. तिने हातपाय धुतले होते, शर्ट बदलला होता. फोनच्या खोलीत दोघीच होत्या. ट्रिशने प्रशस्तिपत्राची चौकट तक्त्याशेजारी खिळा ठोकून लावून टाकली होती. नोएमीने तिकडे पाठ केली.

“खोलीत काय काय होतं?” डोरीनने विचारलं.

“काही नाही फारसं. पलंगाच्या वर एक पत्र चिकटवलेलं होतं. ‘तू अजून जिवंत असशील तर’ म्हणून. लेफ्टनंट म्हणाले, हे सामानात नको. मी काढून खिशात ठेवलंय.”

डोरीनने पाकीट तिच्या हातात दिलं. “नंबर लिहिलाय मी.”

नोएमीने फॉर्म बघितला. मग कोपऱ्यात नख घालून तो पाकिटावरून सावकाश सोलून काढला, फाटू न देता. “सामानाला हा लागत नाही,” ती म्हणाली, आणि फॉर्म टेबलावर ठेवला.

“तिला सांगशील?” डोरीन म्हणाली. “कधी भेटलीस तर. त्याच्या बायकोला. की पाकीट माझ्यामुळे राहिलं. त्याने एकोणीस दिवस आधीच वाचून ठेवलं होतं.”

“तुमच्यामुळे राहिलं असं सांगू?” नोएमीने विचारलं. “तिने फोन उचलला नाही म्हणून नव्हता नंबर. तुमचं नाव सांगितलं तर तिला तेच कळेल. कशाला?”

डोरीनने टेबलावरच्या फॉर्मचा वळलेला कोपरा बोटाने सपाट केला.

चार वाजून चाळीस मिनिटांनी भिंतीकडच्या फोनवरचा हिरवा दिवा लागला. मग शेजारचा. मग आठही.

दारातून कुणीतरी डोकावलं आणि ओरडलं, “आले! फोन आले रे!” बाहेर बुटांचा आवाज झाला. कुणीतरी शीळ घातली. कुणी कुणाला ढकललं, कुणी म्हणालं, “रांगेत ये, घरी तुझी बायको वाट बघतेय तशी माझी पण बघतेय.” दिवसभरात पहिल्यांदा तळावर खरा गलका ऐकू आला.

डोरीनची नजर सवयीने तक्त्याकडे गेली. लुइझियानात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. नाताळच्या सकाळचे सहा. पाच वर्षांची मुलं यावेळी उठून बसलेली असतात. फोन सुरू झाले, याचा अर्थ एक्केचाळीस नंबरच्या दारावर गणवेशातली दोन माणसं येऊन गेली होती. त्यांना घर सापडलं होतं.

नोएमीनेही दिवे बघितले. तिने पाकीट छातीशी धरलं आणि आत घुसणाऱ्या गर्दीच्या उलट्या बाजूने, कुणाला धक्का न लावता, बाहेर निघून गेली.

डोरीनने टेबलावरचा फॉर्म उचलला. तो कुठल्या फाइलमध्ये लावायचा, याचा ती क्षणभर विचार करत राहिली. मग तिने तो फोनच्या यादीखाली फळीला चिमट्यात अडकवला, यादी सरळ केली आणि पेन हातात घेतलं.

“ओगल्स्बी,” तिने हाक मारली. “तीन नंबर. तुझी दोन मिनिटं राहिली होती.”